हौदाचं पाणी हिरवंगार, पहाटे मासे वर येऊन मरतात – मोरचूद टाकायचा का?

हौद_मांजलपूर

नमस्कार मंडळी. बडोद्यात मांजलपूरला आमच्या सोसायटीत एक जुना बांधीव हौद आहे. लांबी ६ मीटर, रुंदी ४ मीटर, पाणी ०.९ मीटर, म्हणजे सुमारे २१,६०० लिटर. तळाशी १०–१२ सेंटिमीटर गाळ, एका काठावर मोठा वड. मासे: ३० कोई, ४० गोल्डफिश आणि डासांसाठी गेल्या वर्षी सोडलेले गप्पी, जे आता शेकड्यांनी झालेत. पाणवनस्पती नाहीत, कोईंनी सगळ्या उपटून खाल्ल्या.

श्रावण लागल्यापासून पाणी वाटाण्याच्या सुपासारखं झालंय. तीन दिवस ढगाळ होतं, त्यानंतर दोन पहाटे मिळून १४ मासे मेले. सगळे मोठे कोई. गप्पी एकही मेला नाही. साध्या किटने मोजलेले आकडे:

सकाळी ६: विरघळलेला ऑक्सिजन १.४ मिलिग्रॅम प्रति लिटर, पीएच ७.४
दुपारी ४: ऑक्सिजन १२, पीएच ९.१
एकूण अमोनिया: १ मिलिग्रॅम प्रति लिटर
पाण्याचं तापमान: ३० अंश

कमिटीत तीन मतं आहेत: मोरचूद टाका, ब्लीचिंग पावडर टाका, किंवा हौद पूर्ण उपसून घासून भरा. यातलं कुठलं बरोबर? शिवाय सोसायटीतली सातवी-आठवीची मुलं याच हौदावर परिसंस्थेचा प्रकल्प करणार आहेत. त्यांना काय मोजायला सांगू?

पाणवठा

तिन्ही नको. आकडे नीट घेतलेत, त्यामुळे निदान सोपं आहे.

मोठे मासे आधी गेले आणि गप्पी वाचले, ही ऑक्सिजन संपल्याची खूण आहे. विष किंवा अमोनिया हे मुख्य कारण असतं तर सहसा लहान मासे आधी मरतात. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला असतं. पाण्याचा अगदी वरचा पातळ थर हवेला लागून असतो, त्यात ऑक्सिजन टिकतो आणि गप्पी तिथूनच श्वास घेतो. किलोभराच्या कोईचं तेवढ्यावर भागत नाही.

३० अंशाच्या पाण्यात हवेशी समतोल राखून सुमारे ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तुमच्याकडे दुपारी १२ आहे. तो जास्तीचा शैवालाने प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेला. रात्री तेच शैवाल श्वास घेतं, मासेही घेतात, गाळातले जिवाणूही घेतात, आणि तयार करणारं कोणी नसतं. म्हणून सगळ्यात वाईट वेळ सूर्योदयाच्या जरा आधी. ढगाळ दिवशी दुपारची कमाईच कमी होते आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहतो. तुमचे मासे ढगाळ दिवसांनंतर मेले ते यामुळे.

अशा वेळी मोरचूद टाकलात तर शैवाल दोन-तीन दिवसांत मरेल, तळाशी बसेल, आणि ते कुजवताना जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतील. मोरचुदातलं तांबं गोगलगायींना आणि डॅफ्नियासारख्या सूक्ष्म पाणपिसवांनाही मारतं, म्हणजे शैवाल खाणारेच जातात. गाळात बसलेलं तांबं परत निघत नाही. ब्लीचिंग पावडर भिंतींवरचे उपयोगी जिवाणू मारेल. तेच जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते गेले की पुन्हा बसायला महिना-दीड महिना लागतो आणि तोवर माशांची विष्ठा जशीच्या तशी अमोनिया म्हणून साठते. उपसून घासणं म्हणजे तेच, फक्त ब्रशने.

एक प्रश्न आधी: खायला काय आणि किती घालता?

हौद_मांजलपूर

सोसायटीतर्फे ठरलेलं काही नाही. येणारे-जाणारे घालतात. ममरा, पोळीचे तुकडे, आणि श्रावणात पुण्य म्हणून कणकेच्या गोळ्या. अंदाजे रोज पाव किलो पीठ तरी जात असेल.

पाणवठा

मग मुळापर्यंत पोहोचलो. हा हिशोब कमिटीला कागदावर करून दाखवा.

हौदात ३० अंशाला जास्तीत जास्त ७.५ × २१,६०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १६० ग्रॅम ऑक्सिजन मावतो. एक ग्रॅम पीठ पूर्ण कुजायला (किंवा माशाच्या पोटात जाळून संपायला, रसायन तेच) साधारण एक ग्रॅम ऑक्सिजन लागतो. पाव किलो पीठ म्हणजे २५० ग्रॅम ऑक्सिजन. हौदात एका वेळी मावतो त्यापेक्षा जास्त, आणि तोही रोज. फरक हवेतून भरून निघतो, पण २४ चौरस मीटरच्या शांत पृष्ठभागातून हवा हळूहळू शिरते.

हे झालं पिठातल्या कार्बनचं. फॉस्फरसचा हिशोब याहून भारी आहे. गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. म्हणजे ३०० ग्रॅम कणकेतून एक ग्रॅम. शैवालाच्या शरीरात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं सरासरी प्रमाण अणूंच्या संख्येत १०६:१६:१ असतं. त्या प्रमाणाने एक ग्रॅम फॉस्फरसवर शंभर-सव्वाशे ग्रॅम कोरडं शैवाल वाढू शकतं, आणि ते मरून कुजलं तर सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन खातं. म्हणजे जवळपास अख्खा हौद. कार्बन वायू होऊन उडून जातो. फॉस्फरस उडत नाही. तो गाळातल्या लोहाला चिकटून बसतो, तळाचा ऑक्सिजन संपला की लोहापासून सुटून परत वर येतो आणि पुन्हा शैवाल वाढवतो. नुसतं शैवाल मारून उपयोग का नाही, ते यात आलं.

आज रात्रीपासून करायचं ते असं:

पीठ, पोळी, ममरा पूर्ण बंद. पंधरा दिवस माशांना काहीही घालू नका. या तापमानाला शैवाल, किडे आणि गाळातल्या अळ्यांवर ते सहज राहतात. नंतर माशांचा तयार खुराक, दोन मिनिटांत संपेल एवढाच, दिवसातून एकदा, सकाळी नऊच्या पुढे. संध्याकाळी खायला घातलं की पचनाचा ऑक्सिजन बरोबर रात्री लागतो.

ताशी २,५०० ते ३,००० लिटरचा बुडता पंप दोन विटांवर ठेवा, म्हणजे गाळ ओढणार नाही. पाणी दीड-दोन फुटांवरून फवाऱ्यासारखं पडू द्या. रात्री ९ ते सकाळी ९ पंप चालूच हवा. बरेच जण तो दिवसा शोभेला लावतात आणि रात्री बंद करतात, नेमकं उलटं. पावसात वीज जाते, म्हणून बॅटरीवरचा एक छोटा हवेचा पंप जवळ ठेवा.

आठवड्यातून दोनदा २,००० ते २,५०० लिटर पाणी तळातून काढा आणि बागेला घाला, उत्तम खत आहे. एका वेळी याहून जास्त बदलू नका. कॉर्पोरेशनच्या पाण्यात क्लोरीन असतं. टाकीत चोवीस तास उघडं ठेवून सोडा किंवा बारीक फवाऱ्याने उंचावरून भरा. घाईच असेल तर ॲक्वेरियमवाल्यांकडे हायपो (क्लोरीन घालवणारं सोडियम थायोसल्फेट) मिळतो. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर २,००० लिटरला ७ ग्रॅम पुरे.

अमोनियाबद्दल एक सावधगिरी. ३० अंश आणि पीएच ७.४ ला एकूण अमोनियापैकी फक्त २ टक्के विषारी रूपात असतो. पीएच ९.१ ला तोच निम्मा होतो. तुमचा १ मिलिग्रॅम सकाळी ०.०२ आणि दुपारी ०.५ असा वागतो. माशांना ०.०५ च्या पुढे त्रास सुरू होतो. म्हणून अमोनिया सकाळी मोजून निश्चिंत होऊ नका. जे मासे पहाटेतून वाचतात, त्यांचे कल्ले दुपारी भाजत असतात.

रोज_फिरणारा

एवढं कशाला? तुरटी फिरवा. प्यायच्या पाण्याला आपण फिरवतोच की, गाळ खाली बसतो.

पाणवठा

तुरटी फॉस्फरसही खाली बसवते, म्हणून कल्पना चुकीची नाही. पण पीएच ९ च्या पाण्यात ॲल्युमिनियम विरघळलेल्या, माशांना घातक रूपात जातं, आणि रोज पीठ पडत असेल तर आठवड्यात पुन्हा हिरवं. आधी आवक बंद करा. मग कदाचित तुरटीची गरजच उरणार नाही.

चतुर_टाचणी

पाणवठा यांनी खालून येणारं सांगितलं, मी वरून येणारं सांगते. पाणी हिरवं होण्यात गप्पींचा वाटा मोठा आहे आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही.

हौदात साखळी अशी: शैवाल → डॅफ्निया आणि तिच्यासारखे सूक्ष्म प्राणी → लहान मासे आणि चतुराच्या अळ्या → मोठे मासे, बगळा, खंड्या. एक मोठी डॅफ्निया दिवसाला दहाएक मिलिलिटर पाणी गाळून त्यातलं शैवाल खाते. लिटरमागे अशा २० असल्या तर रोज हौदाचा एक-पंचमांश भाग गाळून निघतो, फुकट. पण शेकडो गप्पी डॅफ्निया दिसली की गिळतात, कारण ती डासाच्या अळीपेक्षा सोपी शिकार आहे. चरणारेच संपल्यावर शैवालाला अडवणार कोण? वरचा भक्षक वाढवला की एक पायरी सोडून खालच्याची चैन होते. परिसंस्थेत ही गोष्ट वारंवार दिसते.

परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या वाडग्यात लिटरभर पाणी घ्या, उन्हात धरा. झटके देत पोहणारे ठिपके दिसले तर डॅफ्निया आहेत. तुमच्याकडे बहुधा एकही दिसणार नाही.

उपाय: एका कोपऱ्यात दीड × दीड मीटर जागा मच्छरदाणीच्या कापडाने तळापासून पाण्यावर १५ सेंटिमीटरपर्यंत वेगळी करा. खालची कड विटांनी दाबा. आतले गप्पी गाळणीने काढा. वरून उघडंच ठेवा. जवळच्या एखाद्या मासे नसलेल्या डबक्यातून बादलीभर पाणी आणून आत सोडा, त्यातून डॅफ्नियाचं बी येईल. कोपऱ्यात ती वाढते, थोडी जाळीतून बाहेर जाते, खाल्ली जाते, तरी मूळ वस्ती टिकते. याच कोपऱ्यात कुमुदिनीच्या दोन कुंड्या आणि थोडं हायड्रिला लावा, कोईंपासून वाचेल. काठावर कुंडीत कर्दळ आणि वेखंड, मुळं पाण्यात बुडतील अशी. वनस्पती पोषकद्रव्यं ओढतात, पण कापून बाहेर काढल्या तरच ती हौदातून जातात. तिथेच कुजू दिल्या तर सगळं परत पाण्यात. दर पंधरा दिवसांनी छाटणी करा. जलपर्णी मात्र कोणी फुकट दिली तरी नको.

डासांचं: चतुर आणि टाचण्या पावसाळ्यात आपणहून येऊन अंडी घालतात. पावसाबरोबर झुंडीने येणाऱ्या पिवळट चतुराची अळी साधारण दीड-दोन महिन्यांत मोठी होते आणि तोवर डासांच्या अळ्या खात राहते. उलटे पोहणारे पाणकिडेही खातात. दर चार दिवसांनी पांढऱ्या वाडग्याने कोपऱ्यातलं पाणी तपासा. अळ्या दिसल्या तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हे जिवाणूजन्य औषध पाकिटावरच्या मात्रेने वापरा. ते डास आणि त्यांच्या जवळच्या माश्यांच्याच अळ्यांना लागू पडतं, चतुर आणि मासे सुखरूप राहतात. आणि डेंग्यूचा डास या हौदात नव्हे, गच्चीवरच्या कुंड्यांच्या बश्यांत आणि टाक्यांत वाढतो, तिथे आधी पाहा. अंड्यापासून उडेपर्यंत त्याला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा रिकामं करून कोरडं करणं पुरतं.

गप्पीऐवजी गॅम्बुझिया सोडा असं कोणी सुचवेल. तो १९२८ साली डासांसाठीच भारतात आणला गेला, पण बेडकांची अंडी आणि देशी माशांची पिल्लंही तितक्याच आवडीने खातो. मासाच हवा असेल तर अंगावर बाजूने एक काळी पट्टी असणारा देशी रासबोरा पंधरा-वीस पुरेत.

हौद_मांजलपूर

दोघांचे आभार. मोरचूद रद्द करायला कमिटी तयार आहे. तीन नवे प्रश्न आले:
१) जास्तीचे कोई आणि गप्पी विश्वामित्री नदीत सोडायचे का? मगरी खातील, असं एक काका म्हणाले.
२) वडाची पानं पडतात म्हणून पाण्यावरच्या फांद्या तोडाव्यात का?
३) घरगुती गणपती याच हौदात विसर्जित करतात. चालेल?

वडपत्रक

फांद्या मी तरी तोडू देणार नाही. सावलीमुळे शैवालाला प्रकाश कमी मिळतो आणि भर दुपारी पाणी दोन अंश तरी थंड राहतं. पानांचा त्रास वर्षभर सारखा नसतो, पानगळीच्या दिवसांतच मोठा असतो. तेवढे दोन महिने हौदावर मोठी जाळी ताणा आणि आठवड्याला झटका. वडाचं पान जाड आणि चिवट, कणकेच्या गोळीसारखं रातोरात कुजत नाही.

मुलांच्या प्रकल्पाला तर हा वड हौदापेक्षा सरस आहे. ज्या वडावरून या शहराला वटपद्र हे नाव पडलं, त्याच जातीचा. वडाचं ‘फळ’ म्हणजे आतून फुलं भरलेली पिशवी. तोंडाशी इतकं बारीक छिद्र की युप्रिस्टिना मॅसोनी ही इवलीशी गांधीलमाशीच आत शिरू शकते, तीही पंख तुटून. ती परागकण आणते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पिल्लांतले नर आतल्या आत मिलन करतात, बाहेरची वाट कोरतात, माद्या पराग घेऊन दुसऱ्या वडाकडे उडतात. बाहेरचं आयुष्य एखाद-दोन दिवसांचं. तेवढ्यात योग्य अवस्थेतला दुसरा वड सापडला पाहिजे. म्हणून आसपास बरेच वड हवेत, पुढे-मागे फळणारे. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याशिवाय वंश वाढवता येत नाही. सहजीवनाचं याहून घट्ट उदाहरण मुलांना शहरात मिळणार नाही.

एक पिकायला आलेलं फळ कापडी पिशवीत बांधून झाडावरच ठेवा. तीन-चार दिवसांत माश्या बाहेर येतात. भिंगाखाली मोजायला सांगा. त्यात अंडी घालायची लांब शेपटासारखी नळी असलेल्या दिसल्या तर त्या परागीभवन न करता बाहेरूनच अंडी घालणाऱ्या, म्हणजे फुकट्या. एकाच फळात सहजीवी आणि परजीवी दोन्ही. पिकली फळं तांबट, कोकीळ, हरियाल खातात. त्यांच्या विष्ठेतून बी भिंतींच्या फटीत पडतं. हौदाच्या भिंतीत उगवलेलं रोप मात्र बोटभर असतानाच उपटा, नंतर भिंत जाते.

गाळ_आणि_पाणी

१ आणि ३ मी घेतो.

नदीत एकही मासा नको. कोई आणि गप्पी दोन्ही परदेशी. कोई तळ उकरून पाणी गढूळ करतो, गप्पी घाण पाण्यातही भराभर वाढतो. ‘मगर खाईल’ हा आधार नाही. सोडलेल्या दहापैकी दोन वाचले तरी वंश सुरू होतो. शिवाय रोगही बरोबर जातात. जास्तीचे कोई विक्रेत्याला परत द्या. हौदात १० राहू द्या, मोठ्या कोईला हजार लिटर तरी हवेत.

मगरीवरून आणखी एक गैरसमज: विश्वामित्रीत मगरी दिसतात, म्हणजे पाणी चांगलं, असं नाही. मगर हवेतून श्वास घेते. मांगूर आणि मरळही तोंडाने हवा घेऊन तग धरतात. पाण्यातला ऑक्सिजन संपला तर ज्यांना फक्त कल्ले आहेत ते मासे आधी जातात, मगर शेवटी. तिला खरा धोका काठाला. मगर कोरड्या दिवसांत मातीच्या काठात खड्डा करून अंडी घालते आणि पिल्लू नर होणार की मादी, हे खड्ड्यातल्या तापमानावर ठरतं. काठ सिमेंटचा झाला की घरटंच गेलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे.

विसर्जन: हौदात नको. शाडू तळाशी बसून गाळ वाढवते, पण निर्माल्य ही पिठासारखीच आवक. पाच किलो ओली फुलं म्हणजे पुन्हा ऑक्सिजनचा खर्च. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती त्याहून वाईट. ते म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ऑक्सिजन नसलेल्या गाळातले जिवाणू त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात, सडक्या अंड्यांचा वास येतो तो. माशांना ते अगदी थोडंही घातक. वेगळ्या पिंपात विसर्जन करा. पीओपीची मूर्ती असेल तर पुण्याच्या एनसीएलची (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पद्धत वापरा: मूर्तीच्या वजनाइतका अमोनियम बायकार्बोनेट, मूर्ती बुडेल इतकं पाणी, अधूनमधून ढवळत दोन-तीन दिवस. वर अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं. ते भरपूर पातळ करून झाडांना घाला. हौदात एक तांब्यासुद्धा ओतू नका, त्यातला अमोनिया दुपारच्या पीएचला सगळे मासे मारेल.

गाळ पावसाळ्यात ढवळू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये एका वेळी एक-तृतीयांश भाग, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने काढा. थोडा मुद्दाम ठेवा, त्यात गोगलगायी, अळ्या आणि डॅफ्नियाची सुप्त अंडी असतात.

चतुर_टाचणी

मुलांसाठी: २० सेंटिमीटरची पत्र्याची तबकडी, चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवलेले, मध्ये खुणा केलेली दोरी. पाण्यात सोडून कोणत्या खोलीला दिसेनाशी होते ते आठवड्यातून एकदा, त्याच जागी, दुपारी बारा वाजता लिहायचं. आज बहुधा २० च्या आत येईल. ४० च्या पुढे गेली की उपाय लागू पडतोय.

आणि दोन-दोन लिटरच्या चार बरण्या, सगळ्यांत हौदाचं पाणी, मासे नाहीत. एक तशीच खिडकीत, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून, तिसरीत चिमूटभर (०.१ ग्रॅम) पीठ, चौथीत ३०–४० डॅफ्निया. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ऑक्सिजन मोजा. चौथीचा रंग आठवडाभर पाहा. तिसरीत चिमटीऐवजी चमचा टाकला तर सगळंच सडेल आणि काही कळणार नाही.

हौद_मांजलपूर

पंप आजच बसवला, पीठ बंदचा फलक लावला. उद्या पहाटेपासून रोज ६ वाजता ऑक्सिजन मोजून आठवड्याचा तक्ता इथे टाकतो.

पाणवठा

नमुना फवाऱ्यापासून लांबच्या टोकाला, पाण्याखाली ३० सेंटिमीटरवरून घ्या. बाटली पाण्यातच भरा, पाण्यातच बूच लावा, आत बुडबुडा राहू देऊ नका. वरवरचं पाणी मोजलं तर आकडा चांगला येईल आणि तळाचा कोई तरीही मरेल. पहिल्या चार-पाच पहाटे आकडा ३ च्या वर टिकला नाही तर दुसरा पंप लावा, रसायन नको.